रुसवा, मुक्काम माऊई

माऊई बेट, हवाई
१४ फेब्रुवारी, दुपार

सौ. प्रतिमाताई विहीणबाईंना गिरिजाचा नमस्कार. रवींद्रभाऊंची खोकल्याची उबळ थांबली का, ते आधी कळवा.

इशू झोपली आहे. दुपारी एक ते तीन तिची झोप, म्हणजे माझ्या तोंडाला कुलूप. बोलून निरोप पाठवला तर ती उठते, म्हणून तुम्हीच शिकवलंत तसं वहीत लिहून फोटो काढून पाठवते. अक्षर चौथीतलं आहे. चौथीच्या पुढं गावात शाळाच नव्हती, तेव्हा चष्मा लावून सावकाश वाचा.

तर तुमच्या लेकीनं आणि जावयानं मला हवाईला आणलं! अमेरिकेतच आहे, पण क्युपर्टिनोहून विमानानं साडेपाच तास. खाली निळं, वर निळं, मधे आम्ही आणि इशूचं रडणं. उतरल्यावर एका बाईनं गळ्यात फुलांचा हार घातला. खरी फुलं, चाफ्यासारखा वास. मला एकदम निधी-केदारच्या लग्नातली वरमाय झाल्यासारखं वाटलं. त्या लग्नाचा विषय आता नको, तुम्हाला आठवेल काहीतरी.

हॉटेल म्हणजे हॉटेल नाही, गावच आहे. तळी, पूल, पोपट, फुलांची झाडं. आणि माड! रांगेनं माड. पण एक सांगते, एकाही माडाला नारळ नाही. केदारला विचारलं तर म्हणाला, पाहुण्यांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून कोवळे असतानाच तोडून टाकतात. नुसत्या शोभेला उभं राहायचं म्हणजे झाडालासुद्धा शिक्षाच की.

आमची खोली पाचव्या मजल्यावर. गॅलरीतून समुद्र दिसतो. मी सोफ्यावर झोपते, तो ओढला की पलंग होतो. सकाळी निधी आणि केदार खाली नाश्त्याला जातात आणि निधी माझ्यासाठी कागदी रुमालात बांधून आणते. दोन पाव, एक केळं, अननसाच्या फोडी. म्हणते, आई, खाली फार गर्दी असते, तुम्ही कशाला त्रास घेता. सांगा, सून हातात आणून देते! माझ्या सासूबाईंना मी तांब्याभर पाणी नेऊन दिलं तरी त्या म्हणायच्या, कोमट का नाही.

आल्या आल्या काउंटरवरच्या मुलीनं दोघांच्या मनगटाला निळी पट्टी बांधली, लग्नातल्या कंकणासारखी. मला नाही बांधली. म्हटलं बरं झालं, म्हातारीला काय करायचंय कंकण.

इथं बघण्यासारखं फार आहे. एक थंडावलेल्या ज्वालामुखीचा डोंगर आहे, त्याच्या माथ्यावरून उगवता सूर्य बघतात. ते दोघं बघून आले, मला फोटो दाखवला. सूर्य आपल्यासारखाच आहे. पण मला खरं बघायचाय तो देवमासा. विहीणबाई, ऐका. हे मासे वर उत्तरेकडं बर्फाच्या पाण्यात राहतात आणि थंडीत हजारो मैल पोहून इथं येतात, कशाला, तर बाळंतपणाला! माहेरच म्हणायचं की. आई इथं आली की काही खात नाही म्हणे, नुसतं पिल्लाला पाजते. गॅलरीतून लांब कारंजं उडाल्यासारखं दिसतं, तो त्यांचा श्वास. मंगळवारी केदार मला होडीनं जवळ नेणार आहे. शब्द दिलाय. मी सत्तरीला आले, समुद्रात पाऊल घातलेलं नाही आणि एकदम देवमासा! मी इशूला रोज सांगते, मंगळवारी आजी माशाकडं जाणार.

आता तुमच्यावर माझा लटका राग. केदार म्हणाला, मागच्या फेब्रुवारीतही आम्ही इथंच आलो होतो, शेजारचीच खोली होती. मागच्या फेब्रुवारीत तर इशूला सांभाळायची तुमची पाळी होती. म्हणजे तुम्ही हे सगळं बघून गेलात आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत! देवमासा बघितलात का? केवढा असतो? भीती वाटते का?

इशू कूस बदलतेय. थांबते.

गिरिजा


नागपूर
१५ फेब्रुवारी

गिरिजाताई,

मी माऊईला कधी गेले जी?

तुमचं पत्र तीनदा वाचलं. एकदा चष्म्यानं, एकदा बिनाचष्म्यानं, आणि एकदा ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हे म्हणतात, सोड, पोरं आहेत. मी नाही सोडत.

मागच्या फेब्रुवारीत तुमची सून, म्हणजे माझी पोट्टी, मला म्हणाली, आई, माझी सॅन डिएगोला कॉन्फरन्स आहे, मला स्टेजवर बोलायचं आहे, केदारही येतो मदतीला. चार दिवस तू सांभाळशील ना? मी म्हटलं, काहून नाही सांभाळणार, माझी लेक स्टेजवर बोलणार! इकडे ह्यांना फोन करून सांगितलं. ह्यांनी कॉलनीत संत्रा बर्फी वाटली. साठ घरं आहेत आमच्या कॉलनीत, गिरिजाताई. अजूनही शेजारच्या बाई विचारतात, निधीचं भाषण कसं झालं?

आणि त्या चार दिवसांत काय झालं ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण लेकीच्या डोक्याला ताप नको. इशिता नऊ महिन्यांची होती, दात येत होते. दुसऱ्या दिवशी एकशे तीन ताप. मला गाडी येत नाही, मला तिथलं इंग्रजी कळत नाही. निधीला फोन लावला तर बंद. मला वाटलं स्टेजवर असेल. पोरीला छातीशी धरून मी रस्त्यावर उभी राहिले बाप्पा, कोणी दिसेल का म्हणून. समोरच्या घरातल्या वसुधाताई, पुण्याच्या, देवासारख्या धावल्या. त्यांनी गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. संध्याकाळी निधीचा फोन आला, आवाजामागे समुद्र ऐकू येत होता. मी विचारलंही, हा आवाज कसला? म्हणाली, एसीचा.

एसीचा!

आणि तुम्हाला नेलं. अर्थात. तुम्ही मुलाची आई. तुम्हाला लग्नात पायघड्या लागतात, हवाईत हार लागतात. मुलीच्या आईला काय, स्वयंपाकघरातलं स्टूल पुरे. माझी पाळी ती कामाची पाळी, तुमची पाळी ती सहलीची. चांगलं आहे.

एक मात्र सांगते, रागात असले तरी सांगते. ती निळी पट्टी कंकण नाही. आमच्या भाच्याच्या, अतुलच्या लग्नाला पेंचच्या रिसॉर्टमध्ये गेलो होतो, तिथं मलाही बांधली होती. ज्याच्या हाताला पट्टी, तो पाहुणा. त्यालाच नाश्ता, त्यालाच खुर्ची, त्यालाच पाणी. ड्रायव्हरला पट्टी नव्हती.

तुमची तिथं नोंदच केलेली नाही, गिरिजाताई.

प्रतिमा


माऊई
१५ फेब्रुवारी, दुपार, इशू झोपलेली

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मला भयंकर राग आला. आधी तुमच्यावर. ड्रायव्हर म्हणालात मला! मी मनात म्हटलं, ही बाई पाच वर्षांनी लग्नातला सूड घेतेय. सहलीची पाळी म्हणता? कसली सहल? गुरुवारपासून मी ह्या खोलीत आहे. पोपट बघितले ते आल्या दिवशी लिफ्टकडं जाताना. तुमच्यासारखी मला मदतीला वसुधाताई पण नाही. इथं खोली झाडायला येते ती बाई तेवढी बोलते माझ्याशी. आपण जसं आजी म्हणतो, तसं ती मला तूतू म्हणते. मी तिला मेथीचा लाडू दिला, तिनं मला तिच्या डब्यातला भात दिला. गरम भात! चार दिवसांत पहिल्यांदा. खाताना डोळ्यांत पाणी आलं आणि माझं मलाच कळेना की का आलं.

मग मी ठरवलं, विहीणबाईंचं खोटं पाडायचं. आज सकाळी इशूला घेऊन खाली गेले. समुद्राच्या काठाला खुर्च्या मांडलेल्या, निळ्या गाद्यांच्या. एकीवर बसले. मऊ, काय सांगू. इशू वाळूत खेळायला लागली. मला वाटलं, विहीणबाई उगीच संशय घेतात. तेवढ्यात फुलाफुलांच्या शर्टातला एक पोरगा आला, हसला, आणि आपल्या मनगटावर बोट ठेवून मला काहीतरी विचारलं. मी माझ्या पाटल्या दाखवल्या. त्यानं मान हलवली. वाईट नव्हता बिचारा, त्याचं काम होतं. त्यानं वाळूकडं हात केला, की तिथं बसा.

मी वाळूत बसले. वाळूत बसायला मला कमीपणा नाही, मी शेताच्या बांधावर बसून जेवलेली बाई आहे. पण बसलेल्या माणसाला उठवलं ना, ते लागलं. इशूनं विचारलं, आजी नो चेअर? एवढंसं पोर.

वर आल्यावर निधीला विचारलं, मला पट्टी का नाही? तर म्हणाली, आई, रूम दोघांसाठीच बुक होती, तिसऱ्या माणसाचं वेगळं करावं लागतं, आणि तुम्ही बहुतेक रूममध्येच असता ना, मग कशाला. मी बहुतेक रूममध्येच असते! मला रूममध्ये कोण ठेवतं?

आणि दुसरं ऐका. मंगळवारचं कॅन्सल केलं. केदार म्हणाला, आई, इशूला बोटीत उलटी होईल, कोणीतरी तिच्याजवळ पाहिजे. आणि मंगळवारी आम्हाला धबधब्यांच्या रस्त्यानं जायचंय, पन्नासाहून जास्त पूल आहेत, इशूला गाडी लागते. तू गॅलरीतून बघ ना देवमासे, तिथूनही दिसतात. मी विचारलं, तुम्ही बघितले का? तर तो फोन बघायला लागला. मग इशूच बोलली, डॅडी सॉ बिग फिश. शनिवारी दुपारी, मी तुम्हाला आनंदानं पहिलं पत्र लिहीत होते ना, त्याच वेळी ते दोघं होडीत होते. मला सांगितलं होतं, बाजारात डायपर आणायला जातो.

डायपर आणले होते, खोटं का बोलू. पण होडीतून उतरून.

प्रतिमाताई, आता मला तुमचा एकशे तीन ताप कळला. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी नुसती तुमच्या टोमण्याला चिकटून बसले होते. आज इशूला छातीशी घेतलं आणि डोळ्यांपुढं तुम्ही आलात, रस्त्यावर उभ्या.

माझा मुलगा त्यात होता. ते सगळ्यात लागलं.

मी काय करू ते सांगा. भांडावं तर भाषा माझीच, पण घर त्यांचं, तिकीट त्यांचं. दहा मार्चला मी परत येणार, आठला तुम्ही येणार. मधले दोन दिवस तुम्ही नि मी गिरणीतल्या कामगारांसारखा चार्ज देणार-घेणार. गप्प बसून निघून जाऊ का?

गिरिजा


नागपूर
१६ फेब्रुवारी

गिरिजाताई,

गप्प बसाल तर माझ्याशी बोलू नका.

काय करू म्हणून मला विचारता? तुम्ही? पाच वर्षांपूर्वी माझ्या दारात मांडवाबाहेर खुर्ची टाकून चार तास बसला होतात ते विसरलात? काय, तर विहिणीचे पाय धुवायला गरम पाणी नव्हतं. दोनशे माणसांची पंगत खोळंबली. मी ताट घेऊन तुमच्यापुढे उभी, ह्यांनी हात जोडले, भटजी घड्याळ बघताहेत, नवरदेव उपाशी. आणि तुम्ही मान फिरवून! मी तेव्हा मनात म्हटलं होतं, अशी बाई मी जन्मात बघितली नाही. भांडत नाही, ओरडत नाही, एक शब्द बोलत नाही, आणि सगळ्या मांडवाला जागच्या जागी थांबवते.

ती बाई कुठं गेली?

रुसा.

आमच्या दारात रुसायला तुमच्याकडे कारण नव्हतं. आता आहे. वरमायचा मान आहे तुमचा, तो नवऱ्याकडच्यांनीच ठेवला नाही. बसा मधोमध, चार लोक बघतील अशा ठिकाणी. पाणी घ्यायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, मनवायला येईपर्यंत उठायचं नाही. आणि पोरीला आधी निधीच्या कडेवर द्या, नाहीतर बसल्या बसल्या तुम्ही तिचं नाक पुसत राहाल.

ह्या वेळी मी तुमच्या पक्षाकडून आहे.

प्रतिमा


माऊई
१७ फेब्रुवारी, मंगळवार

प्रतिमाताई,

बसले.

सविस्तर लिहिते. इशू झोपलेली नाही, तिच्या आईबरोबर पाण्यात आहे, त्यामुळे हे मी बाहेर बसून लिहितेय. निळ्या गादीच्या खुर्चीवर.

काल सकाळी ते दोघं कुठंसं फिरायला म्हणून तयार होऊन निघाले. मी खाली दरवाजापर्यंत पोचवायला गेले, इशूला निधीच्या कडेवर दिलं, आणि दरवाजासमोर जे मोठं दालन आहे, जिथं सगळे येतात-जातात, तिथं मधोमध एका बाकावर बसले. पदर डोक्यावरून घेतला. मान फिरवली. बाकाशेजारी एक बिननारळाचा माड होता, त्याच्याकडं बघत बसले.

केदार म्हणाला, आई, काय झालं? मी गप्प. बरं नाही का? गप्प. आई, गाडी उभी आहे. गप्प. मग कानाशी येऊन, आई, ऊठ, लोक बघतायत.

तेवढं एक वाक्य मात्र मी बोलले, राहवलं नाही. म्हटलं, बघू देत. रुसव्याला वऱ्हाड लागतंच.

निधीला आधी कळलं. लग्नात तिनं बघितलं होतं ना! ती म्हणाली, केदार, आई रुसल्यात. केदार म्हणतो, म्हणजे काय, इथं? हवाईत? हॉटेलचा साहेब आला, फुलांचा शर्ट आणि गळ्यात हार. केदारनं त्याला काय सांगितलं देव जाणे, त्याला धड सांगताच येईना. मग तो खुर्चीवरून उठवणारा पोरगा आला, त्यानं अननसाचा रस आणला, वर कागदाची छत्री. घशाला कोरड होती. घेतला नाही. तुम्ही सांगितलं होतं ना. तासभर झाला. खोली झाडणारी ती बाई तिकडून गेली, तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा केदारकडं, आणि काही न विचारता माझ्या शेजारी पाच मिनिटं बसून गेली. तिच्या घरी पण सून असणार.

मग केदार फुटला. भर दालनात. म्हणाला, आई, मी तुला हवाईला आणलं! किती लोक आणतात आपल्या आईला? आणि तू मला असं... तमाशा?

तेव्हा मी तोंड उघडलं. विहीणबाई, तुम्ही म्हणालात बोलायचं नाही, पण तो नियम मोडला, माफ करा. मी म्हटलं, मला आणलंस? आणलेलं माणूस पाहुणा असतं, त्याच्या हाताला पट्टी असते. मला तू सामानात आणलंस. दुधाची बाटली, डायपर आणि आई. आणि गेल्या वर्षी तेवढंही नाही. पोर तिकडं सासूच्या हातात तापानं फणफणत असताना तू इथं मासे बघत होतास, आणि निधी आईला सांगत होती की हा एसीचा आवाज आहे.

निधीचा चेहरा एकदम उतरला. मग लाल झाला. म्हणाली, हे आईनं सांगितलं तुम्हाला? तुम्ही दोघी बोलता? जणू आम्ही दोघी चोर! त्यांना वाटत होतं, विहिणी म्हणजे दोन गोटे, एकमेकींना लागल्या तर ठिणगीच पडणार.

मग ती रडायला लागली. इशू कडेवर, ती पण रडायला लागली. निधी म्हणाली, मला झोप हवी होती, आई. बाकी काही नको होतं. नऊ महिने मी सलग तीन तास झोपले नव्हते, ऑफिस सुरू झालेलं. आईला सांगितलं असतं झोपायला जाते, तर म्हणाली असती, आम्ही नाही का वाढवली पोरं.

हे मात्र खरं आहे, प्रतिमाताई. तुम्ही म्हणाला असतात. मीही म्हणाले असते. तरी मी तिला म्हटलं, मग एकदा झोप मागून तर बघायची होती. आम्ही टोमणा मारला असता आणि पोर पण सांभाळलं असतं. टोमण्यानं माणूस मरत नाही. तुझी आई रस्त्यावर उभी होती.

तिनं इशूचे डोळे पुसले. केदार काउंटरवर गेला आणि निळी पट्टी घेऊन आला. माझ्या पायाशी बसून त्यानं ती माझ्या हाताला बांधली. मी रस प्यायले.

आज सकाळी मी होडीत गेले. एकटी. केदार येतो म्हणाला, मी म्हटलं, नाही, तू पोरीजवळ बस, तिला बोटीत उलटी होते ना. नऊवारीत मला बघून होडीवरच्या मुलीनं हात धरून पुढं नेऊन बसवलं. पाणी अंगावर उडालं, खारट.

आणि मग तो वर आला. आली. काय सांगू, आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी उठून श्वास घेईल तशी. अंगाला अंग लावून पिल्लू. मी ओरडलेच, अगं बाई! सगळी होडी माझ्याकडं बघून हसली. त्या दोघींच्या मागं तिसरा एक मासा होता, थोडं अंतर ठेवून. मी त्या मुलीला खुणेनं विचारलं, ही आजी का? तिनं फोनमध्ये बोलून मला मराठीत ऐकवलं, फोनमधली बाई फार शुद्ध बोलते. तो नर आहे म्हणे, सोबतीला फिरतो. मी विचारलं, मग आजी कुठं आहे? ती हसली, फोनमध्ये बोलली. फोन म्हणाला, आजी असेल समुद्रात कुठेतरी. ती तिच्या वाटेने जाते.

होडी काठाला लागेपर्यंत मी पाणीच बघत बसले.

राग गेला असं समजू नका. मासा बघून राग जात नाही. आत्ता केदार येऊन म्हणाला, आई, झालं ना आता मनासारखं? आणि लगेच पुढं, आज संध्याकाळी आम्ही दोघं तासभर बाहेर जेवून येऊ का? त्याला कळलेलंच नाही. त्याला वाटतं पट्टी बांधली, हिशेब मिटला. परत गेल्यावर आठ मार्चला तुम्ही येणार, सगळं पहिल्यासारखं सुरू. तुम्हाला एखादी पट्टी देतील पुढच्या फेब्रुवारीत.

तुम्ही येताय ना आठला? मला आत्ताच तुमच्यासाठी वाईट वाटायला लागलंय.

गिरिजा


नागपूर
१८ फेब्रुवारी

गिरिजाताई,

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. रुसव्याच्या जागी हे खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, मांडवात गिरिजाताईंचा राग आला होता, आज सलाम करावासा वाटतो.

निधीचा रात्री फोन आला होता. रडली. मीही रडले. झोपेचं खरं असेल. पण फोन ठेवताना म्हणाली, आई, आठला येतेयस ना, त्या आठवड्यात ऑफिसात माझं सॉफ्टवेअर रिलीज आहे. तेव्हा माझे डोळे कोरडे झाले.

आठला मी येत नाही. अतुलनं तिकीट पुढे ढकलून दिलं, तीस मार्च. तुम्ही दहाला निघा, ठरल्याप्रमाणे, एक दिवसही थांबू नका, कितीही गयावया करू दे. मधले वीस दिवस घर त्यांचं, पोर त्यांचं.

मुंबईला उतरलात की संगमनेरला घरी जाऊ नका. मी मुंबईतच स्टेशनवर भेटते. अतुलच्या ओळखीचे एक जण तारकर्लीला आहेत, समुद्राला लागून घर, दोन खोल्या पाहुण्यांना देतात. मी सत्तावन वर्षांची झाले, मीही समुद्रात पाऊल घातलेलं नाही.

वीस दिवस. निधीला कारण मीच सांगेन. कारण माझ्याकडे तयार आहे.

प्रतिमा


तारकर्ली, जिल्हा सिंधुदुर्ग
१५ मार्च

चि. केदार आणि चि. सौ. निधी यांना दोन्ही आयांचे आशीर्वाद.

केदार, तुझे सतरा फोन आले ते दिसले. उचलले नाहीत, कारण आम्ही दोघी इथं कॉन्फरन्सला आलो आहोत. रोज दोन्ही वेळा बोलायचं असतं, स्टेजवर असल्यासारखंच, कारण ह्या घरच्या बाईंना आमच्या गोष्टी फार आवडतात. तुमच्या फोनवर समुद्राचा आवाज ऐकू आला तर तो एसीचा समजावा.

इशूला दुपारच्या झोपेआधी दूध कोमट द्या, गार दिलं तर पोटात धरतं. तिला डाव्या कुशीवर थोपटायचं. एक ते तीन तुम्हाला बोलता येणार नाही. वहीत लिहीत बसा, मला तरी त्याचा उपयोग झाला.

इथं पट्टी बांधत नाहीत. पाट मांडतात, पान वाढतात आणि विचारतात, आणखी भात घालू का. खाऊन आम्ही अंगणात बसतो. माडांना नारळ आहेत, प्रत्येक माडाला. परवा एक धपकन पडला, आमच्यापासून चार हातांवर. प्रतिमाताई किंचाळल्या, मग आम्ही तोच फोडून खाल्ला.

निधी बाळा, तुझ्यावरचा राग अर्धा गेलाय. केदार, तुझ्यावरचा नाही. तू तुझ्या सासूची माफी मागितलेली नाहीस. ती मागितलीस की आपण बोलू.

तुझी आई

ता. क. मी प्रतिमा. निधी, तीसला येते, तोवर नाही. इशिताला दाढा येतील आता, ताप चढेल. चढला तर समोरच्या वसुधाताईंना हाक मार. त्यांना डॉक्टरचा रस्ता माहीत आहे.